डोक्याला मार लागलेल्यांचं निवासी केंद्र तपासताना

मोटारसायकलवरून पडून, ट्रॅक्टरची धडक बसून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन जी माणसं वाचतात, त्यांतल्या काहींना घरी सांभाळणं घरच्यांच्या हातात राहत नाही. मग मराठवाड्यातल्या एखाद्या निवासी केंद्रात त्यांची सोय होते. असं केंद्र तपासताना मोठी अडचण ही, की तिथल्या माणसाला तक्रार करता येत नाही. कुणाची वाचा गेलेली असते. कुणाला बोलता येतं, पण सकाळचं दुपारी आठवत नाही. कुणी न घडलेलं घडलं म्हणून मनापासून सांगतो. तो खोटं बोलत नसतो, आठवणीतल्या रिकाम्या जागा त्याचा मेंदू भरत असतो. कपाळामागच्या भागाला इजा झालेली कितीतरी माणसं तर स्वतःहून काही सुरूच करत नाहीत. घसा कोरडा पडला तरी पाणी मागत नाहीत.

म्हणून वृद्धाश्रमात चालते ती 'आजी, जेवण मिळतं ना वेळेवर?' अशी विचारपूस इथे पुरत नाही. ताट, पाठ, मूठ, गोळ्यांची पाकिटं आणि रात्रीचे तास वाचावे लागतात. पुढचं सगळं नातेवाईक, संस्थेचे विश्वस्त आणि तपासणी समितीतल्या मंडळींसाठी आहे.

जाण्याआधी

दोघांनी जा, त्यात एक बाई असू द्या. समितीवर असाल तर पत्र सोबत ठेवा. नातेवाईक असाल तर प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदावर भेटीच्या अटी काय आहेत ते आधी वाचा. पिशवीत टॉर्च, मोजपट्टी, खोलीचं तापमान दाखवणारं साधं तापमापक, सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, घड्याळ आणि वही. फोटो काढायचा तर फक्त वस्तूंचा आणि नोंदवह्यांचा, माणसांचा नको.

भेटी दोन ठेवा. पहिली सांगून, सकाळी साडेदहा ते दुपारी तीन, म्हणजे दुपारचं जेवण डोळ्यांसमोर होतं. दुसरी न सांगता, रात्री दहाच्या पुढे किंवा पहाटे पाचला. पहाटेची वेळ फार बोलकी असते. दिवसपाळीचं काम हलकं व्हावं म्हणून रात्रपाळीच्या मावशी-मामांकडून चार वाजताच सगळ्यांच्या अंघोळी उरकून घेण्याची सवय काही ठिकाणी लागते. अंधारात, पेंगत, गार फरशीवर उघडं बसलेलं माणूस दिसलं, तर त्या केंद्राचं वेळापत्रक कुणाच्या सोयीनं चालतं ते कळलं.

कागदांवर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५० प्रमाणे दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. केंद्र मानसिक आजारांसाठीचं म्हणून नोंदलेलं असेल तर त्याला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ लागतो. प्रमाणपत्राची मुदत बघा, त्यावरची मान्य संख्या बघा आणि मग खोल्यांतून फिरून खाटा स्वतः मोजा. जमिनीवरच्या गाद्याही मोजा.

तीन माणसं निवडा

सगळं केंद्र एका दिवसात तपासून होत नाही. निवासींच्या यादीतून तीन माणसं निवडा आणि दिवसभर त्यांच्याच मागावर राहा: एक सगळ्यात जास्त परावलंबी, एक 'लई त्रास देतो' असं कर्मचारी ज्याच्याबद्दल सांगतात तो, आणि एक सगळ्यात गप्प. निवड तुम्ही करा, व्यवस्थापकावर सोपवू नका. या तिघांत गप्प बसणाऱ्याची तपासणी कधीही गाळू नका. 'ते काहीच त्रास देत नाहीत, बसवलं तिथं बसून असतात' असं कौतुकानं सांगितलं जातं, पण पाणी, लघवी, कूस बदलणं, बोलणं या चारही गोष्टींत सगळ्यात जास्त उपेक्षा त्याचीच होते.

तिघांच्या फायली मागा. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला एका पानावर पुढचं असायला हवं: मेंदूच्या कुठल्या भागाला इजा, कुठलं ऑपरेशन, कवटीचं हाड परत बसवलंय की नाही, डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी नळी म्हणजे शंट आहे का, फिट येतात का, गिळायला काय चालतं, कुठली बाजू लुळी, आणि अपघाताआधी माणूस काय करत होता. मग फाईल मिटून त्या खोलीच्या मामांना तेच विचारा. काही वेळा कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं असतं किंवा बसवायचंच राहून गेलेलं असतं. त्या बाजूला मेंदूवर नुसती कातडी असते. अशा माणसाला त्या कुशीवर झोपवायचं नसतं आणि उठवताना डोक्यावर हेल्मेट घालायचं असतं. हे फायलीत आहे आणि मामांना माहीत नाही, तर ती फाईल त्या माणसाच्या काही कामाची नाही.

कर्मचारी त्यांना हाक कशी मारतात तेही ऐका. पंचेचाळीस वर्षांच्या ड्रायव्हरला 'ए बाळा, आ कर' म्हणणं प्रेमानं असलं तरी चूकच. 'काका', 'भाऊ', 'गुरुजी', 'ताई', घरी जी हाक होती ती. आणि अहो-जाहो.

जेवणाची पंगत

तपासणीत एकाच गोष्टीला वेळ असेल तर तो जेवणाला द्या. मेंदूला इजा झाल्यावर गिळण्याची क्रिया बिघडते आणि अन्न-पाणी श्वासनलिकेत जातं. ठसका लागला तर निदान कळतं. काहींना ठसकाही लागत नाही, घास गुपचूप फुप्फुसात उतरतो. खाल्ल्यावर आवाज ओला, गुरगुरता होणं, दर महिन्या-दोन महिन्यांनी ताप आणि छातीत कफ, हळूहळू उतरणारं वजन ही त्याची लक्षणं. फायलीत 'ताप, अँटिबायोटिक दिलं' अशी नोंद सहा महिन्यांत तीनदा सापडली, तर गिळण्याची तपासणी कधी झाली हा प्रश्न विचाराच.

भरवणारी व्यक्ती बसलीय की उभी? ती उभी असली की जेवणारा वर बघतो, मान मागे जाते आणि श्वासमार्ग उघडा पडतो. मावशींनी स्टुलावर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसायला हवं. जेवणारा ताठ बसलेला, पाय टेकलेले, मान किंचित पुढे. एका वेळी एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ मिली. कंठमणी वर जाऊन खाली आला, तोंड रिकामं झालं, की पुढचा घास. घड्याळ लावून बघा: पूर्ण जेवण दहा मिनिटांत उरकलं असेल तर ते भरवणं नव्हे, कोंबणं आहे. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. शेवटी टॉर्च लावून लुळ्या बाजूचा गाल आतून बघायला सांगा. तिथे भाताचा गोळा अडकून राहतो आणि माणूस झोपल्यावर घशात जातो.

आता पदार्थ. आपल्याकडची ज्वारीची भाकरी कोरडी, तोंडात भुगा होणारी. गिळायला त्रास असलेल्याला ती तशी देणं धोक्याचं. म्हणून बहुतेक ठिकाणी दुधात नाही तर वरणात कुस्करून देतात. हा काला नीट बघा. भाकरीचे तुकडे वेगळे आणि दूध वेगळं वाहत असेल, तर एकाच घासात पातळ आणि घट्ट असं दोन प्रकारचं अन्न जातं, आणि गिळायला सगळ्यात अवघड तेच असतं: दूध पुढे निसटतं, तुकडा मागे राहतो. काला पूर्ण मुरलेला, एकजीव, चमचा तिरपा केल्यावर दूध वेगळं न गळणारा हवा. बारीक केलेलं अन्न सांगितलं असेल तर मोठ्या माणसासाठी कण ४ मिलीमीटरपर्यंत, म्हणजे काट्या-चमच्याच्या दोन दातांमधल्या फटीत मावेल एवढाच. मऊ तुकडे चालत असतील तर दीड सेंटिमीटरपर्यंत. शेंगदाण्याचं कूट घातलेली कोरडी चटणी, फुटाणे, चुरमुरे अशांच्या ताटात नकोत.

पाणी दाट करून द्यायला सांगितलं असेल तर सिरिंज काढा. शून्यापासून १० मिलीच्या खुणेपर्यंतची पट्टी ६१.५ मिलीमीटर भरते ती सिरिंज घ्यायची, सगळ्या सारख्या नसतात. खालचं तोंड बोटानं बंद करून १० मिलीपर्यंत ते पेय भरा, बोट काढा, बरोबर १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. उरलेलं १ मिलीपेक्षा कमी असेल तर ते साधं पाणीच. १ ते ४ उरलं तर किंचित दाट, ४ ते ८ उरलं तर थोडं दाट, ८ च्या वर उरलं तर मध्यम दाट. फायलीत काय सांगितलंय त्याच्याशी जुळवा. तयार पावडरऐवजी पेज किंवा ज्वारीचं आंबील वापरत असतील तर लक्षात ठेवा, की ते गार होताना घट्ट होतं आणि लाळ मिसळली की पातळ होतं. स्वयंपाकघरात बरोबर असलेलं पेय खाटेजवळ पोचेपर्यंत बदललेलं असू शकतं. तपासणी खाटेजवळ करा.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही माणसांना डावी बाजू दिसत असूनही 'असते'च असं नाही. ते ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून खातात आणि डावीकडचं तसंच राहतं. नोंदवहीत 'अर्धंच जेवले, भूक कमी' असं लिहिलं जातं. त्यांच्यासमोरचं ताट हलकेच अर्धं फिरवा. उरलेलंही ते खाऊ लागले, तर भूक व्यवस्थित होती, ताट मांडणाऱ्याला शिकवलेलं नव्हतं.

वजन दर महिन्याला व्हायला हवं. 'उभं राहता येत नाही म्हणून वजन केलं नाही' हे कारण चालवून घेऊ नका. मोंढ्यात धान्य तोलतात तसल्या सपाट काट्यावर व्हीलचेअरसकट चढवायचं आणि रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करायचं. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट म्हणजे डॉक्टरांना कळवायची वेळ. ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो.

नाकातून नळी असलेल्यांचं: भरवताना आणि नंतर अर्धा ते एक तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, नाकाजवळ नळीवर केलेली खूण जागेवर आहे का हे प्रत्येक वेळी बघणं, आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी सोडणं. नळीनं जेवणाऱ्याचं तोंडही रोज दोनदा स्वच्छ करावं लागतं. ओठ सोललेले आणि जिभेवर पांढरा थर म्हणजे ते होत नाही.

पाठ, टाच, मूठ

अंगावरचे कपडे तुम्ही काढू नका. डायपर बदलताना किंवा अंघोळीच्या वेळी, त्या माणसाला विचारून, पडदा ओढून, बाईला बाईनं आणि पुरुषाला पुरुषानं बघावं. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं आणि डोक्याचा मागचा भाग. लाल डाग बोटानं दाबला की पांढरा पडायला हवा. दाबूनही तसाच राहिला तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी भार पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट जागा हातानं शोधावी. अशा जागेवर तेल चोळणं, पावडर थापणं किंवा रबरी कडं खाली घालणं, हे तिन्ही प्रकार चांगल्या हेतूनं होतात आणि तिन्हींनी जखम वाढते.

कूस बदलण्याची वही उघडली की बहुतेक वेळा १०, १२, २, ४ अशा सरळ ओळी दिसतात, एकाच पेनानं, एकाच हातानं. वहीवर विसंबू नका. सकाळी अकराला आपला माणूस कुठल्या कुशीवर आहे ते लिहून घ्या आणि सव्वाला परत जाऊन बघा. व्हीलचेअरवर बसवलेल्याचा भार तर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हलवावा लागतो. सकाळी नऊ ते एक खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे 'उठवून बसवलं' असं समाधान कर्मचाऱ्यांना, आणि जखम माकडहाडाला. हवेच्या गादीखाली, माकडहाडाच्या जागी, तळहात वर करून हात सरकवा. हात आणि शरीर यांच्यात इंचभर हवा जाणवली पाहिजे. नुसती हाडं हाताला लागली तर ती गादी नावापुरती. पंप चालू आहे का, वजनाचं बटण त्या माणसाच्या वजनावर ठेवलंय का, वीज गेली की पंप इन्व्हर्टरवर जातो का, हे तिन्ही विचारा.

मूठ बघायला कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. लुळ्या, आखडलेल्या हाताची बोटं तळव्यात रुतून बसतात. आत घाम साठतो, कातडी भिजून पांढरी होते, नखं तळव्यात शिरतात. हात नाकाजवळ नेला तर आंबूस वास येतो. बोटं ओढून उघडायची नाहीत. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात, मग एकेक उलगडा. आत कोरडं, नखं कापलेली आणि बोटांत मऊ कापडाची गुंडाळी असेल, तर इथे रोज कुणीतरी या हाताला हात लावतंय. हे एक लक्षण दहा नोंदवह्यांपेक्षा खरं.

माणसाला उचलताना काखेत हात घालून किंवा लुळ्या हाताला धरून ओढतात का तेही पाहा. खांदा तिथेच निसटतो आणि मग वर्षानुवर्षं दुखतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकलेली, आणि दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी केलेली हवी. गळ्यात श्वासाची नळी असेल तर कफ ओढून काढणारं सक्शन मशीन चालवून दाखवायला सांगा, आणि उशाशी त्याच मापाची एक व एक माप लहान अशा दोन सुट्या नळ्या आहेत का बघा.

रात्रीचा हिशोब

'रात्री दोन जण असतात' हे ऐकून वहीत टिकमार्क करू नका, आकडेमोड करा. समजा चोवीस निवासी आहेत आणि त्यांतल्या दहांची कूस बदलायला दोन माणसं लागतात. एकाला, डायपर बघण्यासकट, सहा मिनिटं धरली तर एका फेरीला पूर्ण तास जातो, तोही दोघांचा. अशी फेरी दर दोन तासांनी. म्हणजे रात्रीचा अर्धा वेळ दोघंही याच कामात. त्या तासात तिसऱ्या खोलीत फिट आली, कुणी खाटेवरून उतरून धडपडला, तर तिकडे जाणारं कुणी नाही. दोघांतला एक जण रजेवर असेल तर फेरीच होत नाही, वही मात्र भरते. हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवून मागच्या महिन्यातल्या पंधरा रात्री मोजा. दिवसपाळी करून तीच व्यक्ती रात्रीही थांबलीय का, हे तिथेच कळतं. दमलेल्या मावशींना दोष देऊन काही होत नाही, प्रश्न नेमणुकीचा आहे आणि अहवालात तो तसाच लिहावा.

औषधं आणि फिट

आपल्या तिघांच्या गोळ्या मोजा. एक तारखेला फिटच्या ६० गोळ्या आल्या, दिवसाला दोन. सतराव्या दिवशी दुपारी ३३ गेलेल्या आणि २७ उरलेल्या हव्यात. ३१ उरल्या असतील तर चार वेळा चुकल्या आणि सह्या मात्र पूर्ण आहेत. फिटची गोळी अचानक थांबली की मोठी फिट येऊ शकते. त्यामुळे 'स्टॉक संपला होता, तालुक्याहून दोन दिवसांनी आली' ही गंभीर चूक मानायची. निदान दोन आठवड्यांचा जादा साठा हवा.

गोळ्या कुटून देतात का ते विचारा. व्हॅलप्रोएट या फिटच्या औषधाच्या ज्या गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की सगळं औषध एकदम सुटतं. त्याऐवजी सिरप लिहून घ्यावं. फिनिटॉइन हे फिटचं दुसरं औषध नळीच्या आहाराबरोबर दिलं तर नीट शोषलं जात नाही, आहार आणि औषध यांत अंतर ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय का बघा. त्याच औषधानं हिरड्याही सुजतात, म्हणून तोंड बघताना हिरड्या बघा.

रात्रीच्या मामांना एकटं गाठून शांतपणे विचारा, 'मामा, आत्ता यांना फिट आली तर काय कराल?' कुशीवर वळवीन, गळ्याजवळचं सैल करीन, आजूबाजूचं टोकदार बाजूला सारीन, घड्याळ बघीन, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावीन, हे उत्तर हवं. दातांत चमचा, नाकाशी कांदा किंवा चप्पल असं उत्तर आलं तर प्रशिक्षण झालेलं नाही. शंट असलेल्याबद्दलही विचारा. डोकेदुखी, उलट्या, वाढती गुंगी हे शंट तुंबल्याचं लक्षण असतं आणि 'पित्त झालंय' म्हणून त्यात अख्खी रात्र जाते. रात्री सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन कुठे मिळतात, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे भिंतीवर लिहिलेलं असावं. किनवटकडच्या केंद्रात बसून 'घाटीला नेऊ', म्हणजे पार छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, हे उत्तर होऊ शकत नाही.

'त्रासदायक' माणूस

ओरडणं, शिव्या, मारायला धावणं, कपडे काढणं हे इजेचे परिणाम आहेत. केंद्र त्यावर काय करतं यावरून त्याची खरी पारख होते. चांगल्या ठिकाणी एक साधी वही असते: आधी काय घडलं, माणसानं काय केलं, नंतर आपण काय केलं. तीन आठवड्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की कारण दिसायला लागतं. रोज संध्याकाळी सहालाच ओरडत असेल, तर त्याच वेळी पाळी बदलते, टीव्ही मोठा होतो, आणि दिवसभराच्या थकव्यानं त्याच्या मेंदूला तो गोंगाट सोसत नाही. तीन दिवस शौचाला झालेली नसणं, तुंबलेली लघवी, दुखणारा दात ही कारणं आधी शोधायची. गुंगीचं औषध सगळ्यात शेवटी.

म्हणून औषधांच्या यादीत हॅलोपेरिडॉल, लोराझेपाम, क्वेटियापिन अशी नावं दिसली की कुणी लिहून दिलं, कशासाठी, कधीपासून आणि शेवटचा आढावा कधी घेतला, हे चार प्रश्न विचारा. 'गरज पडल्यास' असं लिहिलेलं औषध रोज रात्री नऊला दिलं जात असेल, तर ती गरज कर्मचाऱ्यांच्या संख्येची आहे. अशा औषधांनी गिळणं, तोल आणि शिकण्याची क्षमता आणखी मंदावते.

मनगटं, घोटे बघा. ओढणीचे, बँडेजचे वळ ओळखू येतात. खाटेच्या दांड्याला बांधलेली कापडाची पट्टी, बाहेरून कडी असलेली खोली, काढता न येणारा व्हीलचेअरचा ट्रे हे सगळं बांधून ठेवण्यातच मोडतं. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्यानं साखळीनं बांधणं आणि एकट्याला कोंडणं पूर्ण बंद केलं आहे. इतर प्रकारे बांधायचं तर तात्काळ इजेचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, नोंद करून, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बघायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवून. डोकं सक्तीनं भादरायचं नाही, गणवेशाची सक्ती करायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. केंद्र दिव्यांग संस्था म्हणून नोंदलेलं असलं तरी आमच्या मते माप हेच लावावं.

दिवस कसा जातो हेही बघून घ्या. फळ्यावर आजची तारीख, वार, पुढे काय होणार हे लिहिलंय का? आठवण गेलेल्या माणसासाठी मागच्या आठवड्याची तारीख लिहिलेला फळा कोऱ्या फळ्यापेक्षा वाईट. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतात, आणि ते नसताना सांगितलेला व्यायाम कोण करून घेतं? शेतकरी होता त्याला कुंडीला पाणी घालू देतात का, की ते कामही मावशीच करतात?

उन्हाळा आणि पाणी

इथे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. मेंदूच्या इजेनं शरीराचं तापमान सांभाळण्याची यंत्रणा काहींत बिघडलेली असते, तहान कळत नाही, काही औषधांनी घाम कमी येतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी तीनला तापमापक ठेवा आणि आकडा लिहा. पाण्याची नोंद ग्लासात नको, मिलीमध्ये हवी. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर हे किमान, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दाट पाणी पिणारे नेहमी कमी पितात, म्हणून त्यांच्या नोंदी आधी वाचा. लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर वही काहीही म्हणो, पाणी कमी पडतंय.

टँकरवर अवलंबून असलेल्या केंद्राचा हिशोब असा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरमाणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. वीस निवासी आणि आठ कर्मचारी म्हणजे ३,७८० लिटर. ५,००० लिटरचा टँकर सव्वा दिवस पुरेल. डायपर, चादरी, जखमा यांना याहून जास्तच लागतं. टँकर तीन दिवसांनी येत असेल तर अंघोळी आणि चादरी कुठे कमी केल्या ते विचारा. कूलरच्या टाक्या आठवड्याला रिकाम्या करून पुसतात का बघा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. हिवाळ्यात उलट काळजी: संवेदना गेलेल्या पायावर बंबातलं कढत पाणी किंवा गरम पाण्याची पिशवी टेकली तर भाजतं आणि कळतही नाही. आधी कोपरानं पाणी बघणं हा नियम हवा.

बोलणं, पैसे, अहवाल

निवासींशी बोलताना एका वेळी एकच छोटा प्रश्न, आणि उत्तराला निदान दहा सेकंद थांबा. 'जेवलात का?' आणि नंतर 'अजून जेवण व्हायचंय का?' अशी उलटसुलट विचारणा करा. दोन्हींना 'हो' आलं तर होकार ही त्यांची सवय आहे. पण कुणी 'मारतात' म्हणालं तर 'याला आठवत नाही' म्हणून सोडू नका. त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहा आणि अंगावरच्या खुणा, हजेरी आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस अशा तीन ठिकाणी पडताळा. बायकांशी बाईनंच, दार लोटून बोलावं: रात्री खोलीत कोण येतं, पाळीच्या दिवसांत पॅड मिळतात का. मूल होऊ न देणारी कुठलीही शस्त्रक्रिया स्वेच्छेच्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१६ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये आहे.

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान ज्यांना मिळतं त्यांचं पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाकडे आहे, पैसे कोण काढतं आणि कशावर खर्च होतात, याच्या पावत्या बघा.

अहवाल त्याच दिवशी लिहा. 'स्वच्छता समाधानकारक' अशी वाक्यं नकोत. 'खोली ३, खाट २, ११.०५ डावी कूस, १३.१५ डावी कूस, माकडहाडावर ३ सेंटिमीटर लाल डाग, दाबल्यावर पांढरा होत नाही' असं लिहा. मग प्रत्येक त्रुटीपुढे मुदत घाला: आजच, सात दिवसांत, महिन्यात. आजच्या यादीत बांधून ठेवलेलं माणूस, संपलेली फिटची गोळी, चुकीचं दाट केलेलं पाणी, दाबून पांढरा न होणारा डाग. ही यादी केंद्रातून निघण्याआधी प्रमुखांना वाचून दाखवा आणि पोच घ्या.

छळ किंवा उपासमार दिसली तर सात दिवस थांबू नका. २०१६ च्याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांनाही, कळवू शकतं. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी न देणं हा कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. तातडीच्या धोक्यात ११२. बाकी तक्रार जिल्ह्यात दिव्यांगांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी, अहवालाची प्रत जोडून.

सात दिवसांची मुदत संपली की आठव्या दिवशी न सांगता जा, त्याच खोलीत, त्याच तिघांकडे. गप्प माणसाची मूठ पुन्हा उघडून बघा.